शालन आक्काचा डबा

१२ नोव्हेंबर २०२४

आक्का,

नमस्कार लिहिलाय, घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, मेसेज केला तर एकच टिक येते, म्हणून पोस्टात जाऊन पाच रुपयांची पाकिटं आणली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वैनी, पत्र कुणाला? माहेरला का?" मी म्हटलं व्हय. आई-आबा गेल्यापासून माहेर म्हणजे तूच की.

तुझा डबा अजून माझ्याकडेच आहे. चार कप्प्यांचा, झाकणावर 'सौ. शालन' कोरलेला. दाजींच्या भांड्यांच्या दुकानातला, म्हणजे भारीच असणार. फेब्रुवारीपासून नऊ महिने झाले. परत पाठवायचा तर रिकामा पाठवता येत नाही, आणि भरून पाठवावं असं माझ्याकडं काही नव्हतं.

त्या दिवसाचं एकदा माझ्या बाजूनं ऐक. आमच्या गावची म्हाई, वर्षाची मटणाची जत्रा होती. दरवर्षी तुम्ही सगळे जयसिंगपूरहून जेवायला येता. मी चार दिवस आधी तुला फोन केला, की ह्यांच्या चुलतचुलती, चंदगडच्या तानाबाई काकी वारल्या, भावकीला सुतक आहे, यंदा म्हाईचं जेवण नाही. तू बरं म्हणालीस आणि म्हाईच्याच दिवशी सासूबाईंना घेऊन दुखवट्याला आलीस. डब्यात आमटी-भात, पिठलं-भाकरी, आणि पिशवीत माझ्या सासूसाठी दुखवट्याची साडी. दारात येऊन बघतेस तर तानाबाई काकी आमच्या सोप्यात मांडी घालून चहा पिताहेत. तुझ्या सासूबाईंचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. "शालन, मेल्याली बाई बशीतनं चा पितीया की गं."

तू डबा ठेवलास, पिशवी ठेवलीस आणि चप्पल घालून गेलीस.

आक्का, तो गैरसमज होता. चंदगडवरून कुणाचा तरी फोन आला आणि त्यानं चुकीची बातमी दिली. ह्यात माझा काय दोष? खातरजमा करायला पाहिजे होती एवढं मान्य करते.

बाकी बरं आहे. म्हैस पाच लिटर देते. दिवाळीला दूधसंस्थेकडून वर्षाचा दरफरक आला, नऊ हजार. आला तसा गेला. निशी बारावीला आहे. ह्यांचे कान तसेच.

अनुजा


४ डिसेंबर २०२४

आक्का,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पोस्टात टाकून घरी आले आणि भाकरी थापताना माझीच मला लाज वाटली. माफी मागायला पत्र लिहायचं आणि त्यात आणखी एक थाप मारायची, हे माझ्यासारखीलाच जमतं. चंदगडवरून कुणाचाही फोन आला नव्हता. तानाबाई काकींना मीच मारलं.

कसं सुचलं ते सांगते. म्हाईला आमच्याकडं चाळीस-पन्नास पानं उठतात. ह्यांच्या फौंड्रीतले आठ-दहा जण, तुमच्याकडचे, निशीच्या मैत्रिणी, आणि ज्यांना कुणीच बोलावलेलं नसतं असे पाच-सहा पावणे. म्हाईला बोलवावं लागत नाही, वास आला की माणूस आत. बारा किलो मटण, साडेसातशेच्या भावानं. वर तांदूळ, तेल, खोबरं, मसाला, गॅसच्या दोन टाक्या. मी जानेवारीत बसून बेरीज केली, पंधरा हजार होत होते. ह्यांचा महिन्याचा पगार सोळा. ओव्हरटाइम बंद झालेला.

आणि ह्यांचे कान. वीस वर्षं त्या भट्टीच्या आवाजात उभं राहून गेलेत. डॉक्टरनी सांगितलं, निदान एका कानाला मशीन बसवा, अठरा हजार. मला दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसत होते. एक दिवस जेवण घालायचं की माणसाला ऐकायला द्यायचं.

सरळ सांगायचं होतं ना, की यंदा जमत नाही. तू हेच म्हणशील. पण गावात 'म्हाई जमत न्हाय' असं कोण म्हणतं? दारिद्र्याचा दाखला हातानं दाराला चिकटवल्यासारखं ते. जेवण न घालायचं एकच कारण गावाला चालतं, ते म्हणजे सुतक. मग भावकीतलं लांबचं माणूस शोधलं. तानाबाई काकी चंदगडला, लेकाजवळ, काजूच्या बागेत. तीन वर्षांत आल्या नव्हत्या. वय ऐंशी. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय.

सासूबाईंना आणि ह्यांना मी 'चंदगडवरून फोन आला, माती उरकली, आता तेराव्यालाच या म्हणालेत' असंच सांगितलं. सासूबाई रडल्या. त्यांची जाऊच ती. त्या रडताना मी पदर तोंडाला लावून शेजारी बसले होते, आणि मनात मटणाचा आकडा वजा करत होते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तानाबाई काकी त्या दिवशी का आल्या, तर म्हाई होती म्हणून. पहाटेची एसटी धरून, तीन किलो काजू घेऊन. घरातली सगळी त्यांच्याकडं बघतच राहिली. मी चहा टाकला.

अनुजा


२९ डिसेंबर २०२४

आक्का,

निशीला तुझा सम्राट भेटला होता कॉलेजच्या बाहेर. म्हणाला, "आई पत्रं वाचती मावशीची. वाचून पिठाच्या डब्यात ठेवती." मला त्यावर बरं वाटावं की वाईट ते कळेना. पीठ संपल्यावर तरी उत्तर देशील का?

तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. तानाबाई काकींनी आपल्या सुतकाचं सगळं सासूबाईंकडून ऐकून घेतलं. मी खाली मान घालून उभी. मला वाटलं आता शिव्या, आता शाप. त्यांनी पिशवी उघडली, दुखवट्याची साडी बाहेर काढली, हिरव्या काठाची, आणि म्हणाल्या, "ही माझ्याच नावानं आणलीया न्हवं? मग मलाच घेऊन जाऊ दे की. मी मेल्यावर दुसरी नेसणार आणि मी बघणार व्हय?" आणि खरंच घेऊन गेल्या. फोन कुणाचाच नव्हता हे त्यांनी ओळखलं होतं; जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय म्हणत्यात. तुझ्यामुळं मला चार वर्षं जास्त मिळाली, पोरी. पण पुन्यांदा मारायचं झालं तर आदी मला फोन कर. मी घरात बसतो, भाईर पडत न्हाय."

त्या हसल्या म्हणून घरातले सगळे हसले. मला हसता आलं नाही.

रात्री ह्यांना सगळं खरं सांगायचं ठरवलं. पण ह्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. मी कानाशी जाऊन म्हटलं, ऐकू गेलं नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, नाही. मग ओरडले, "मटणाचं पैसं वाचवाया मी खोटं बोलले." शेजारच्या शालूबाईंचा दिवा लागला. सकाळी पाण्याला गेले तोवर सगळ्या गल्लीला माहीत.

आता वाचलेल्या पैशांचं ऐक. पंधरा हजार मी वाचवले होते. कागदावर. मार्चमध्ये म्हशीच्या सडाला सूज आली, डॉक्टर आणि इंजेक्शनं मिळून तेवीसशे, आणि आठ दिवस दूध संस्थेला नाही, ते वेगळंच. ह्यांच्या भाच्याच्या लग्नात आहेर, पाच हजार एक. निशीचा क्लास चार हजार. सासूबाईंचा चष्मा. बाकीचे कुठं गेले ते मला सांगता येत नाही, आक्का. जुलैत बघितलं तर काही नव्हतं. वाचवलेला पैसा घरात शिरला की बाकीच्या पैशासारखाच होतो. त्याच्यावर काही लिहिलेलं नसतं.

म्हणजे कानाला मशीन नाही, म्हाई नाही, तू नाहीस.

तेव्हा मी तुझा डबा काढला. चारही कप्प्यांना कागद चिकटवले. पहिला दळण-किराणा. दुसरा लाईट, गॅस, रिचार्ज. तिसरा निशी. चौथा कान. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल आलं की आणि एक तारखेला पगार झाला की पैसे आधी त्यात पडतात, मग घरात फिरतात. एका कप्प्यातलं दुसऱ्यात न्यायचं नाही असा नेम. नेम मोडतो. मोडला की चिठ्ठी टाकते, 'निशीतले दोनशे तेलाला'. चौथा कप्पा उघडला की कधी कधी नोटा कमी आणि चिठ्ठ्याच जास्त. पण डबा उघडताना झाकणावर तुझं नाव दिसतं, आणि हात जरा आखडतो. आई गेल्यावर तू असंच करायचीस. फडक्याला तीन गाठी मारायचीस आणि मला म्हणायचीस, तिसरीला हात लावायचा न्हाय.

मी का नाही मागितले तुझ्याकडं पैसे, हे तुझ्या मनात असणार. दोन वर्षांपूर्वी सम्राटच्या वाढदिवसाला तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, "आमच्या अनुच्या हाताला भोक हाय." सगळे हसले, दाजी पण. तू चेष्टेत म्हणालीस हे मला समजतं. पण मी त्या दिवशी ठरवलं की तुझ्यापुढं हात पसरायचा नाही, काही झालं तरी. सुतकाची थाप त्यातूनच आली. पंधरा हजारांची गोष्ट फक्त अर्धी होती.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

अनुजा


२० जानेवारी २०२५

आक्का,

अकरा फेब्रुवारीला म्हाई आहे. यंदा आम्ही जेवण घालणार.

घरात मोठं भांडण झालं. मी म्हटलं तीन किलो मटण, जास्त नाही. रस्सा पाहिजे तेवढा, भात पाहिजे तेवढा, फोडी मोजून. सासूबाई म्हणाल्या, "तीन किलू? त्यापरास दाराला कुलूप लाव आणि देवाला जा. लोकं त्वांडात श्याण घालतील." मी म्हटलं, घालू देत. गेल्या वर्षी जिवंत माणूस मारून झालंय माझं, त्याच्यापुढं पातळ रश्श्याची कसली लाज. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच कांदे निवडायला बसल्या.

तीन किलो तरी आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. डब्याला कप्पे चारच. मी चारही उघडून पुढ्यात मांडले आणि बसून राहिले. हे कामावरून आले. मग खाली बसून त्यांनी चौथ्या कप्प्यावरचा 'कान' कागद नखानं काढला. मी म्हटलं, अहो हे काय. मोठ्यानंच म्हटलं. ते म्हणाले, "गेल्या साली कानासाठी म्हाई सोडली आणि आक्का तुटली. ह्या साली म्हाईसाठी कान थांबू दे. कान कुठं पळून जात न्हाईत. तसं बी आक्का येणार नसंल तर ऐकायचं कुणाचं?"

आता तिथं 'म्हाई' लिहिलेला कागद आहे. खालचा कागद पुरता निघालेला नाही, 'का' अजून दिसतो.

तानाबाई काकींना मी स्वतः फोन केला. म्हटलं, काकी, या. यंदा तुम्ही जिवंत आहात. खूप हसल्या. म्हणाल्या, "हिरव्या काठाची नेसून येतो."

तू ये. दाजींना आण, सासूबाईंना आण. फोडी दोन-दोनच येतील, आधीच सांगते. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांगायचं, की हिला एवढंच जमतं.

अनुजा


५ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तानाबाई काकी काल पहाटे गेल्या. झोपेतच. खऱ्या गेल्या.

आम्ही चंदगडला जाऊन आलो. अंगणात दोरीवर हिरव्या काठाची साडी वाळत होती. सून सांगत होती, म्हाईला नेसायची म्हणून त्यांनी परवा स्वतः धुतली. कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. मी घडी घालून सुनेच्या हातात दिली. मला तिथं रडायचाही अधिकार आहे असं वाटेना.

भावकीला सुतक आहे. यंदा म्हाईचं जेवण नाही.

हे वाक्य मी वर्षापूर्वी तुला फोनवर जसंच्या तसं म्हटलं होतं. गावात सांगितलं तर शालूबाई म्हणाल्या, "आता कुणाला मारलंस?" हे दाजींना फोन करतो म्हणत होते, मी नको म्हटलं. खोटं मीच सांगितलं होतं, खरंही मीच सांगायला पाहिजे. तू विश्वास ठेवला नाहीस तर तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

चौथ्या कप्प्यात पाच हजार शंभर होते. चंदगडला जाण्यायेण्यात आणि तिथल्या खर्चात आठशे गेले. चिठ्ठी टाकली आहे.

अनुजा


१९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तू आलीस. सगळ्या भावकीत बोलता आलं नाही म्हणून हे लिहिते.

अकरा तारखेला दुपारी गावात सगळीकडं मटणाचा वास, स्पीकर लागलेले, पावण्यांच्या गाड्या उभ्या, आणि आमच्या घरात चूल थंड. मी सोप्यात बसले होते. गेल्या वर्षी हीच वेळ होती. तू उंबऱ्यात उभी राहिलीस आणि आधी भिंतीकडं बघितलंस. काकींच्या फोटोला हार बघितलास. मग म्हणालीस, "व्हय. ह्या वेळी खरं हाय." आणि आत आलीस.

हातात नवा डबा होता, तसाच, चार कप्प्यांचा. आमटी-भात, पिठलं-भाकरी. सासूबाईंच्या पुढ्यात बसून तू त्यांना जबरदस्तीनं दोन घास भरवलेस, ह्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलंस, "जेवलासा काय?" आणि ते इतक्या दिवसांनी एका झटक्यात "व्हय" म्हणाले. निशीला जवळ घेतलंस. माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं, सुतकाचं कर्तव्य म्हणून आली, आता जाईल.

मग तू स्वयंपाकघरात आलीस. फळीवरचा जुना डबा खाली घेतलास. मी म्हणाले, आक्का, त्यात पैसे आहेत, तो रिकामा करून देते. तू ऐकलंच नाहीस. एकेक कप्पा काढलास, एकेक कागद वाचलास. चिठ्ठ्या सुद्धा वाचल्यास. 'निशीतले दोनशे तेलाला.' 'कानातले तीनशे लाईटला.' 'म्हाईतले आठशे काकींना.' माझ्या घराची सगळी उसवण तुझ्या हातात होती, आणि मी ओट्याला टेकून उभी होते. मी वाट बघत होते की आता तू पदराची गाठ सोडशील आणि माझ्या डब्यात पाचशेची नोट टाकशील. तसं केलं असतंस तर मी मेले असते, आक्का. तुला खरं सांगते.

तू चौथा कप्पा पुढं ओढलास आणि म्हणालीस, "दुखवट्याची साडी साडेसहाशेची हुती. खोट्या सुतकाला आणल्याली. ती माझ्यावर का? दे तेवढं."

आणि मोजून घेतलेस. पाचशेची एक, शंभरची एक, पन्नासची एक. बटव्यात टाकून बटवा कमरेला खोचलास. मग नवा डबा पुसून फळीवर जुन्याच्या शेजारी ठेवलास. "हा बी ऱ्हाऊ दे. चार कप्प्यांत तुझं भागत न्हाय," म्हणालीस, आणि गेलीस.

तू गेल्यावर मी खूप रडले. सासूबाईंना वाटलं काकींसाठी. काकींसाठीही होतंच. पण माझ्याकडून वसूल करावं असं तुला वाटलं, ह्याचं जास्त होतं. हाताला भोक असलेल्या बाईकडं कुणी पैसे मागत नाही. तिला देतात, आणि मग लोकांत सांगतात.

तेरावा झाला. घर सारवून घेतलं. नव्या डब्याच्या पहिल्या कप्प्याला 'कान' चिकटवलंय, आणि म्हाईच्या कप्प्यात उरलेले तीन हजार सहाशे पन्नास त्यात टाकले. आणखी तीन कप्पे मोकळे आहेत. सासूबाई म्हणतात एकाला पुढच्या म्हाईचं नाव घाल. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, घाल की. दोनदा विचारायला लागलं.

साडेसहाशेची चिठ्ठी मी चौथ्या कप्प्यात टाकली आहे. तेवढे पोचले म्हणून दोन ओळी लिही. लिहिणं होत नसेल तर फोन कर, मी उचलते.

तुझी,
अनु